अंकलची कॅसेट: हमिंगच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, भुसावळ

रेल्वे कॉलनीतल्या अंकलनी आज खोकं दिलं. बुटाचं खोकं, वर सुतळी, आत १४ कॅसेटी. अंकल ८४ वर्षांचे, गार्ड म्हणून रिटायर झालेले. कॉलनीतली बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली, हे राहिले. लहानपणी त्यांच्या खिडकीखाली उभं राहून मी जे ऐकलं, ते आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल. आमच्याकडे रेडिओवर भावगीत चालू असायचं आणि भिंतीपलीकडून कुणीतरी सॅक्सोफोनचा गळा दाबतंय असा आवाज यायचा.

"तू ले जा. मेरे को अभी सुनाई नहीं देता बराबर," असं म्हणाले. कानात मशीन आहे त्यांच्या.

बहुतेक कॅसेटी विकतच्या गाण्यांच्या कॉप्या आहेत, त्यांच्यात मला रस नाही. एक मात्र निराळी. सी-नव्वद, म्हणजे नव्वद मिनिटांची. लेबलवर निळ्या बॉलपेननं फक्त 'के. सी. लंडन ७१'. के. सी. म्हणजे किंग क्रिमसन, इंग्लंडचा रॉक बँड, हे मला विचारावं लागलं नाही.

११ एप्रिल

कॅसेट डेक माळ्यावरून काढला. जपानी, वीस वर्षं बंद. रबरी पट्टा वितळून काळा डिंक झालेला, पुलीवरून स्पिरिटच्या बोळ्यानं खरवडून काढायला दीड तास गेला. नवीन पट्टा जळगावहून पुतण्यानं आणला, दोन साइझचे, कारण दुकानदारालाही खात्री नव्हती. लहान बसला. टेप वाचणारं हेड, टेप ओढणारे कॅपस्टन आणि पिंच रोलर पुसले. हेडवरची चुंबकीयता उतरवली. ही पायरी लोक गाळतात आणि मग टेपवरचे वरचे स्वर दर वेळी थोडे थोडे खाल्ले जातात.

कॅसेटचं कवच स्क्रूचं निघालं, नशीब. आत डोकावलो तर दाबाची फेल्टची गादी सुटून कोपऱ्यात पडलेली. पन्नास वर्षांत गोंद काय राहणार! दुसऱ्या एका कोऱ्या कॅसेटच्या कवचात टेपची दोन्ही चाकं उचलून ठेवली. हात थरथरत होते. घरून विचारणा झाली की कुणाचं ऑपरेशन चाललंय का.

पुण्याच्या मित्राचा फोन: टेप आधी भट्टीत भाजून घे. मी म्हटलं, भाजायच्या त्या रिळाच्या टेपा, काही विशिष्ट बनावटीच्या, ज्यांचा चिकटवणारा थर ओलावा पिऊन सुटतो. त्या पन्नास-पंचावन्न अंशांत काही तास ठेवतात. कॅसेटीला सहसा ती गरज पडत नाही. आणि पडलीच तर भुसावळात मे महिन्यात भट्टी कशाला हवी, गच्ची आहे.

१९ एप्रिल

डेकचा वेग तपासायचा होता. त्यासाठी ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट टेप लागते, ती माझ्याकडे नाही. मग गणित केलं. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. म्हणजे ४७६ सेंटिमीटर टेप जायला बरोबर १०० सेकंद लागले पाहिजेत. ओसरीत फरशीवर टेप अंथरली, सुताराचा मीटर लावला, दोन टोकांना चिकटपट्टीचे बारीक तुकडे चिकटवले. मधल्या भागावर आधीच सलग सूर भरलेला होता. तुकडा हेडवरून गेला की सूर क्षणभर तुटतो, तो लॅपटॉपवर दिसतो.

पहिली वेळ ९८.६ सेकंद. डेक पळत होता. मोटरच्या मागच्या भोकात बारीक पेचकस घालून वेगाचा ट्रिमर फिरवला. सातव्या फेरीला १००.०. टेप ताणली जाऊ नये म्हणून मांजराला खोलीबाहेर ठेवलं होतं, तरी ते दोनदा आलं.

२७ एप्रिल

टेपचा पहिला उतारा लॅपटॉपवर घेतला, रात्री दोन वाजता, कारण दिवसा कुलरशिवाय बसणं अशक्य आणि कुलर लावून काम अशक्य. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. फुसफुस दाबणारी डॉल्बी बंद, कारण ही टेप डॉल्बीत भरलेली नाही. हेडचा कोन जुळवताना डावा-उजवा दोन्ही चॅनेल मोनोत मिसळले आणि झांज जिथं सर्वांत लख्ख वाजते तिथं स्क्रू थांबवला. दोन चॅनेलांत क्षणाचाही फरक असला तर मिसळल्यावर वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून कान इथं फसत नाही.

आणि काय वाजतंय! कुणीतरी प्रेक्षकांत बसून छोट्या रेकॉर्डरवर भरलेलं. जवळ एक माणूस अधूनमधून दोन बोटं तोंडात घालून शिटी मारतो. गाणारा बॉझ बरेल, हे लगेच कळलं. त्याला बास गिटार वाजवायला बँडचा प्रमुख गिटारवाला रॉबर्ट फ्रिप आणि ड्रमर इयन वॉलेसनी शिकवलं, तोवर तो नुसता गायक होता. सॅक्सोफोनवर मेल कॉलिन्स. हा चौघांचा संच १९७१-७२ चा. याच संचाची 'अर्थबाउंड' ही लाइव्ह तबकडी १९७२ साली निघाली ती कॅसेटवरच भरलेली होती, मिक्सरमधून थेट. आवाज इतका ओबडधोबड की अमेरिकेतल्या कंपनीनं ती काढायला नकार दिला आणि इंग्लंडमध्ये ती स्वस्तातल्या मालिकेत आली. तेव्हा माझ्या टेपेनं लाजायचं कारण नाही.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लेक, भाच्या, सगळ्या आलेल्या. खापरावरची पुरणपोळी, आमरस. काम शून्य.

४ मे

आजची नोंद लांबणार.

मी आयुष्यभर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बसलो. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०, म्हणून वीज ५० हर्ट्झची. पॅनेलवरचा तो काटा मी घरच्या घड्याळापेक्षा जास्त पाहिला आहे. म्हणून लोक टेपवरचं हमिंग, म्हणजे विजेची घूं, पहिल्यांदा पुसतात तेव्हा मला राहवत नाही. त्या घूंमध्ये टेप कुठून आली ते लिहिलेलं असतं.

शांत जागा निवडून वर्णपट काढला, म्हणजे कोणता स्वर किती ठळक याचा नकाशा. तळाशी तीन रेषा. एक ५०.० च्या आसपास, एक ५०.३, एक ६१.४, आणि तिच्या दुप्पटीवर १२२.८ ची चांगली ठळक.

पहिला प्रश्न: यातलं माझ्या घरचं कोणतं? युक्ती सोपी आहे. डेकचा वेग ट्रिमरनं मुद्दाम दोन टक्के वाढवून पुन्हा वाजवलं. जे टेपवर आहे ते सगळं दोन टक्के वर सरकतं. माझ्या घरच्या वायरिंगमधून घुसलेलं जागचं हलत नाही. ५०.० जागेवर राहिली. ती माझी. ५०.३ आणि ६१.४ दोघी सरकल्या, म्हणजे त्या टेपवरच्या. ट्रिमर परत १०० सेकंदांवर आणला.

आता ६१.४. इंग्लंडची वीज ५० हर्ट्झची, आपल्यासारखीच. ५० चं ६१ व्हायचं तर टेप जवळजवळ सव्वापट पळायला हवी, मग बरेल पोरासारखा चिरका वाजला असता. तसं नाही. पण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. ६० चं ६१.४ म्हणजे फक्त सव्वादोन टक्के जलद. हॉलमधल्या अॅम्प्लिफायरांचं हमिंग स्पीकरांतून हवेत आणि हवेतून त्या माणसाच्या रेकॉर्डरमध्ये गेलंय. १२० ची रेषा जास्त ठळक का, तर पॉवर सप्लायमध्ये एसीचं डीसी करताना लहरीच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात, म्हणून तरंग दुप्पट.

म्हणजे हा कार्यक्रम लंडनचा नाहीच. अमेरिकेतला आहे!

आणि ५०.३? ती दुसऱ्या पिढीची. ही मूळ टेप नाही, इंग्लंडमधल्या कुठल्यातरी डेकवर केलेली कॉपी आहे. आमच्याकडे लग्नाआधी भाटाकडून वंशावळ वाचून घेतात. ही टेपची वंशावळ: आजोबा अमेरिकेत, बाप इंग्लंडात, मुलगा भुसावळात.

५ मे

रात्रभर झोप नाही. सकाळी सहाला कॉलनीत गेलो. अंकल बागेत पाणी घालत होते.

"अंकल, ये लंडन का प्रोग्राम नहीं है. अमेरिका का है."

अंकलनी नळी खाली ठेवली. "किसने बोला लंडन का है?"

"आपने लिखा है. लंडन ७१."

"अरे मॅन, लंडन से आया, इसलिए लंडन लिखा. मेरे कझिन ने भेजा. पोस्ट का पता है वो."

चार रात्री मी जे वर्णपटातून काढलं, ते एका प्रश्नात मिळालं असतं. चहा घेतला आणि आलो. तरी '७१' चं काय, हे विचारल्यावर अंकल म्हणाले की तेही नक्की आठवत नाही, कॉपी बहुतेक नंतर आली.

साल उलगडत नाही ते नाहीच. या संचानं अमेरिकेत दोनदा दौरा केला, १९७१ च्या शेवटी आणि १९७२ च्या फेब्रुवारीपासून. दुसऱ्या दौऱ्याआधीच संच मोडला होता, फक्त करार पुरा करायला गेले. गाणीही बहुतेक तीच. गाण्यांवरून दौरा ओळखण्याचा नाद सोडला.

११ मे

रेषा सरळ नाही. बाजू अ च्या सुरुवातीला अमेरिकेची रेषा ६०.९, शेवटी ६१.८. बाजू ब सुरू होते ६१.५ वर आणि चढत चढत ६२.६ ला जाते. कारण कळायला वेळ लागला नाही. रेकॉर्डर सेलवर चालत होता. सेल उतरत गेले तशी टेप भरताना हळू धावली, म्हणून आता वाजवताना जलद. बाजू पलटताना मिनिटभर थांबला तेवढ्यात सेलांनी थोडा दम घेतला. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या शिटीवाल्याच्या शेजाऱ्याचे सेल मला दिसतायत.

शेवटाला ४.३ टक्के म्हणजे जवळजवळ पाऊण अर्धस्वर. पेटीवाल्याला सांगितलं तर तो म्हणेल, काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये अडकलाय.

कामाचा क्रम इथं महत्त्वाचा. आधी इंग्लंडची ५०.३ आणि तिच्या पटी पुसायच्या, कारण ती रेषा आत्ता सरळ आहे आणि सरळ रेषा अरुंद कापता येते. मग अमेरिकेच्या रेषेला धरून वेग दुरुस्त करायचा. उलट केलं तर पंचाईत: अमेरिका सरळ झाली की इंग्लंड वाकडं होतं.

पडताळा गिटारवर घेतला. सर्वांत जाड तार मोकळी वाजली की ८२.४ हर्ट्झ यायला हवी. दुरुस्तीआधी, रेषा ६१.४ होती तिथं, ती ८४.३ येत होती. आता ८२.४. पुतण्याला दाखवलं. तो म्हणाला, काका, फार फरक कळत नाही. कानाला कळत नाही, पण छातीला कळतं. बासचा धक्का खाली बसला.

मेलोट्रॉन मात्र पडताळ्याला घेऊ नये, ही चूक मी पहिल्या दिवशी केली. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली स्वतंत्र टेपेचा तुकडा असतो, सात-आठ सेकंद वाजला की संपतो. मोटर दमली की वाद्यच बेसूर. टेपेतल्या टेपेवर विश्वास ठेवून टेप दुरुस्त करायला निघालो होतो.

१८ मे

४५ अंश. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी.

बाजू ब वर ड्रमचा लांब एकट्याचा भाग आहे. मध्यापासून आवाज फाटायला लागतो, खडखडाट, मग पिसाळल्यासारखा वर-खाली. मला वाटलं टेप चुरगळलीय. दोन रात्री तो भाग 'दुरुस्त' केला. फाटलेपण काढलं, वरचे स्वर बसवले, ड्रम अगदी लग्नातल्या बँडसारखे स्वच्छ झाले. अभिमानानं मित्राला पाठवले.

त्याचा उलट निरोप: अरे येड्या, तो व्हीसीएस-थ्री आहे.

बरोबर. या दौऱ्यांत ड्रमचा आवाज व्हीसीएस-थ्री या इंग्लिश सिंथेसायझरमधून फिरवून बाहेर सोडत. 'अर्थबाउंड'वर हेच ऐकू येतं आणि तिथं तो चालवणाऱ्या माणसाचं नावही छापलंय. म्हणजे मी दोन रात्री त्यांच्या कामाचा बट्ट्याबोळ करत होतो. कच्च्या उताऱ्यापासून पुन्हा सुरुवात. कच्ची फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवायची शिस्त दीपनगरनं लावली, ती इथं कामी आली.

२५ मे

टेपची फुसफुस कमी करायचे तीन प्रयत्न. जास्त काढली की झांजांच्या मागे जलतरंगासारखे बुडबुडे येतात, सॅक्सोफोन पाण्याखाली जातो. आवाज वेगळे काढून देणारं नवं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. त्यानं मेल कॉलिन्सला दोन ठिकाणी गायक ठरवलं. पुसून टाकलं.

शेवटी फुसफुस थोडीशीच उतरवली, आणि शिट्या व खोकले बारीक हातानं एक एक काढले. ८७ शिट्या. माणसाला दुसरं काम नव्हतं.

८ जून

मृगाचा पहिला पाऊस काल. अंकलना ऐकवायला गेलो. चांगले हेडफोन नेले. कानातलं मशीन काढून त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. वीस मिनिटं हलले नाहीत. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग एक डोळा उघडून म्हणाले, "वो सीटीवाला किधर गया?"

"निकाल दिया, अंकल. डिस्टर्ब करता था."

"उसको क्यों निकाला?" अंकल खरंच रागावले. "रात को ड्यूटी से आके मैं वोही सुनता था. इधर सीटी मारता था, फिर सॅक्स आता था. मेरे को मालूम पडता था अब आयेगा."

वरच्या स्वरांतली फुसफुस त्यांना मुळात ऐकूच येत नाही. शिटी ऐकू येते. मी पाच आठवडे जे काढत बसलो त्यातलं अर्धं त्यांच्यासाठी नव्हतंच, आणि उरलेलं त्यांना परत हवंय.

१० जून

८७ शिट्या परत घातल्या. म्हणजे काय, आधीची पायरी उघडली. फुसफुसही जवळपास तशीच ठेवली. आता या फाइलवर मी केलेलं काम इतकंच: इंग्लंडचं हमिंग काढलं, वेग सरळ केला, पातळी जुळवली. अमेरिकेचं हमिंग तळाशी ठेवलं आहे. पुढं कुणाला माझी दुरुस्ती तपासायची असेल तर त्याला काटा हवा.

२२ जून

बाजू ब च्या शेवटाचं काय, ते आजवर टाळत होतो. ३८ मिनिटं १० सेकंदांवर, शेवटचं गाणं भरात असताना, खट्ट आवाज होतो आणि बायका गायला लागतात.

अहिराणी. कानबाईची, म्हणजे श्रावणात बसवतात त्या खान्देशच्या देवीची, गाणी. सहा मिनिटं, दहा सेकंद. मागे वाटी-चमच्याचा ठेका, एक पोर रडतंय, कुणीतरी म्हणतं "सरक ना व माय". ४४:२० ला परत खट्ट आणि कोरी टेप. खालचं मूळ गाणं निघेल का, हे मित्रानं विचारलं. नाही निघत. इरेझ हेड आधी पुसतं, मग रेकॉर्ड हेड लिहितं. ते गाणं गेलं.

अंकलना विचारलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये अमळनेरकडची काकू होती, कानबाईला तिनं रेकॉर्डर मागितला, अंकलनी दिला. आत कोणती कॅसेट होती ते पाहिलं नाही. साल? ८६ असेल, ८७ असेल.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जगात कुणाकडे नसलेली सहा मिनिटं वाटी-चमच्याखाली गेली.

सवयीनं या तुकड्याचीही रेषा पाहिली. रेकॉर्डर त्या दिवशी विजेवर लावला असणार, रेषा स्पष्ट आहे: ५०.४, थोडी डुलणारी, ५०.२ ते ५०.६. म्हणजे वेग जवळपास बरोबर. लिहून ठेवलं आणि पुढं गेलो.

२९ जून

काकू वारल्या, पण त्यांची मुलगी अमळनेरला आहे. पुतण्यानं नंबर शोधला. तिला तुकडा फोनवर ऐकवला. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग: "हाऊ आवाज मनी मायना शे." आणि लगेच: "भाऊ, माले धाडी दे. आत्ते धाडी दे."

धाडला. संध्याकाळपर्यंत तो तुकडा धुळे, शिरपूर, सुरत, कुठं कुठं फिरून माझ्याच वहिनीच्या फोनवर परत आला. 'जुनी कानबाईची गाणी, नक्की ऐका' असं वर लिहिलेलं. किंग क्रिमसनच्या ७८ मिनिटांना माझ्याखेरीज दोन श्रोते, आणि यांना एका दिवसात सगळा खान्देश.

१३ जुलै

वाटण्याचा प्रश्न. मित्र म्हणतो, फुकट टाकून दे सगळीकडे, टेपा वाटण्याचीच तर ही परंपरा. त्याचं अर्धं खरं आहे. चोरून भरलेल्या टेपा हातोहात फिरल्या म्हणून बरंच काही वाचलं. पण फ्रिपना कार्यक्रमात लपून रेकॉर्डिंग करणं कधीच मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. शिवाय त्यांनी नुसती तक्रार केली नाही. १९९२ साली डेव्हिड सिंगलटनबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि जुन्या कार्यक्रमांचं भांडार आपणच उघडलं. १९९७ ला १९६९ च्या पहिल्या संचाचे कार्यक्रम काढले, पुढच्या वर्षीपासून सभासदांसाठी मालिका सुरू केली, आणि २०१७ ला १९७०-७२ या काळाचा २७ तबकड्यांचा संच. प्रेक्षकांतल्या टेपाही त्यांनी जमवून, दुरुस्त करून वापरल्या आहेत. घरधनी स्वतः दारात उभा असताना मागच्या भिंतीवरून फराळ वाटायला जाणं मला बरं दिसत नाही.

त्या २७ तबकड्यांतले जेवढे कार्यक्रम ऐकायला मिळाले त्यांच्याशी माझी टेप लावून पाहिली. एकाच कार्यक्रमाच्या दोन टेपा असतील तर वेग सरळ केल्यावर ड्रमचे ठोके शेवटपर्यंत एकमेकांवर बसतात. वेगळे असतील तर चार मापांत सुटतात. अजून एकही बसलेला नाही.

ठरवलं ते असं. कच्चा उतारा, दुरुस्त उतारा, दोन्ही फ्लॅकमध्ये, आणि वंशावळ लिहिलेलं पान, बँडच्या भांडाराकडे पाठवायचं. एमपीथ्री नाही, एकदा कापलेलं परत येत नाही. दुसरी प्रत अंकलकडे, तिसरी माझ्याकडे. मित्र रुसला आहे. त्याला घरी येऊन ऐकायचं आमंत्रण दिलं आहे, शेवभाजीसकट.

२७ जुलै

वंशावळीचं पान लिहिताना अडकलो. बाजू ब, शेवटचा तुकडा, 'रेषा ५०.४, वेग बरोबर'. हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं.

८६-८७ साली संध्याकाळी ५०? मी तेव्हा पॅनेलसमोर बसत होतो. संध्याकाळी लोड चढला की काटा ४९ च्या खाली, ४८.५ म्हणजे रोजचंच. ५० दिसली तर आम्ही काच ठोकून पाहायचो, काटा अडकला का. ५० धरून ठेवायची शिस्त पुढं २००२ साली पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सीप्रमाणे विजेचा हिशेब सुरू झाला तेव्हा आली. आता ४९.९ च्या खाली गेलं तर फोन वाजतात. टेपवरची रेषा डुलत होती ती तेव्हाच्या त्या लोडमुळं. अमेरिकेची अशी डुलत नाही, ती सेलांबरोबर एकाच दिशेनं सरकते. आणि हे मला, मला, महिनाभर सुचलं नाही.

म्हणजे अंकलचा रेकॉर्डर हळू धावत होता आणि बायका आपल्याला जलद ऐकू येतायत. पण किती? त्या संध्याकाळी नेमकं ४८.४ होतं का ४८.९, याचा कागद माझ्याकडे नाही. पेटी नाही, गिटार नाही, पडताळ्याला काहीच नाही. जागा रिकामी सोडली.

३ ऑगस्ट, रविवार

नागपंचमीनंतरचा रविवार, कानबाई बसली. अमळनेरच्या ताई मुद्दाम आल्या. त्यांच्याबरोबर ७८ वर्षांच्या एक काकू, तेव्हा त्या गाण्यात होत्या, आता एकट्याच उरल्यात. रोटाच्या पुऱ्या, खीर, गर्दी. अंकलही खुर्ची टाकून बसलेले.

सगळ्यांनी तुकडा लावायला सांगितला. लावला. काकूंनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"भाऊ, हाई काय लावं? आम्ही इतलं पयत नव्हतू."

लॅपटॉपवर वेगाचा दांडा आहे. एक टक्का उतरवला. काकूंनी मान हलवली, नाही. दोन. नाही. तीन टक्क्यांवर त्या गुणगुणायला लागल्या, पण भुवया आवळलेल्या. आणखी जरासा उतरवला, आणि त्या गायला लागल्या, टेपेतल्या स्वतःच्या आवाजाबरोबर, डोळे मिटून. बाकीच्याही लागल्या. वाटी-चमचा कुणीतरी आणला.

वयानं गळा उतरतो, हे मला कळतं. चाळीस वर्षांपूर्वीची पट्टी आता तीच नसेल. तरी रात्री बसून दांडा कुठं थांबला होता ते पाहिलं. साडेतीन टक्के. ५०.४ ची रेषा तिथं ४८.६ येते.

नोंद, बाजू ब, ३८:१० ते ४४:२०: रेषा ४८.६ वर धरली. आधार: काकूंचं म्हणणं.